दादाचा फॉर्म मीच भरला

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. बी.कॉम., फर्स्ट क्लास, आणि तेही कात्रजच्या डोंगराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहून. तेव्हापासून गल्लीतला कुठलाही कागद आधी माझ्याकडे येतो. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, गॅसची तक्रार. 'हिच्या हातचा फॉर्म परत येत नाही,' असं बायका म्हणायच्या आणि ते ऐकायला मला आवडायचं.

म्हणून इस्त्रीवाल्या काकू मोबाइल घेऊन आल्या तेव्हाही मी हात पुसून बसले.

त्या दिवसांत टीव्हीवर एक हिंदी कार्यक्रम जोरात होता. दादागिरी करणाऱ्या माणसाची कुणीतरी तक्रार लिहून पाठवायची. मग त्याला जाळीच्या पिंजऱ्यात खऱ्या, त्याच धंद्यावर पोट असलेल्या फायटरसमोर उभं करायचं. तीन मिनिटं टिकला तर बक्षीस. नाही टिकला तर कॅमेऱ्यासमोर कान धरून माफी. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये निम्मे लोक मोबाइलवर तेच बघत असायचे.

"कुणाची तक्रार?" मी विचारलं.

काकू माझ्याकडे बघेनात. "माहीत आहे ना तुला, बाई. पण तुझ्यासारखं लिहिणं दुसऱ्या कुणाला जमतं?"

माहीत होतं. माझा सख्खा मोठा भाऊ. इस्त्रीच्या हातगाडीमुळे त्याचा टेम्पो वळेना म्हणून त्याने इस्त्रीवाल्या काकांच्या कानाखाली वाजवली होती. तेव्हापासून काकांना त्या कानाने ऐकू येत नाही. आईने चार दिवस त्यांना भाकरी पाठवली. माफी मात्र कुणी मागितली नाही.

मी लिहून दिलं. काकूंच्या नावाने, सगळं खरं. शेवटी थोडी जागा उरली, तिथे माझं एक वाक्य घातलं: 'परीक्षेच्या सकाळी याने घरातल्याच मुलीचं हॉल तिकीट गादीखाली लपवलं, कारण ती वर्गातल्या मुलाशी बोलताना दिसली.' ही गोष्ट काकूंना ठाऊक नव्हती. आई, दादा आणि मी, तिघांतच होती. आईने डोळ्यांनी खूण केली म्हणून तिकीट सापडलं आणि मी वीस मिनिटं उशिरा पेपरला बसले. वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून ते खोडलं नाही.

महिन्याभराने दादाला फोन आला. तो खूश. "बघ, ताकदीची माणसं शोधत्यात ते. आपलं नाव हाय म्हणून फोन आला. तुज्या कंपनीत कुणाला येतो का फोन?" त्याने मोबाइलवर फक्त मारामारीचे तुकडे पाहिले होते. त्याआधी तक्रार वाचून दाखवतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग चार पानांचा इंग्रजी कागद आला. दादा आठवीनंतर शाळेत गेला नाही. त्याने कागद माझ्यापुढे टाकला. "मॅडम, वाचा. नीट सांग, काय फसवाफसवी न्हाई ना?"

तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की तक्रार प्रेक्षकांसमोर वाचली जाईल आणि दाखवली जाईल. मी दुखापतीचं सांगितलं, गाडी घ्यायला येईल ते सांगितलं, राहण्या-जेवणाचं सांगितलं.

"आणि हे मदलं?"

"काही नाही, नेहमीचंच. सही कर."

त्याने केली. माझ्या शब्दावर तो कुठेही सही करायचा. बँकेतसुद्धा.

शूटिंगला आई आणि मी पहिल्या रांगेत होतो. आईने नवी साडी नेसली होती, पोरगा टीव्हीवर येणार म्हणून. दादा पिंजऱ्यात उड्या मारत, दंड दाखवत होता. समोरचा फायटर शिडशिडीत, कॉलेजात शिकणाऱ्या पोरासारखा. निवेदकाने तक्रार वाचायला घेतली. काकांच्या कानाचं आलं तेव्हा दादा हसला. मग हॉल तिकिटाचं वाक्य आलं. हिंदीत केलेलं, तरी माझंच. त्याने निवेदकाकडे पाहिलं नाही. थेट माझ्याकडे पाहिलं. आईनेही मान वळवून माझ्याकडेच पाहिलं.

घंटा झाली तरी त्याने हात वर केले नाहीत. फायटर क्षणभर थांबला, मग त्याने दादाच्या गुडघ्यावर एक लाथ घातली, मग दुसरी. दादा खाली बसला. मिनिटसुद्धा झालं नव्हतं. लोक खदाखदा हसले. कान धरून तो म्हणाला, "काकांच्या कानाचं चुकलं माझं." हॉल तिकिटाबद्दल काही बोलला नाही.

परतीच्या गाडीत आई एवढंच म्हणाली, "त्याला आधी सांगायचंस तरी." मी म्हटलं, "त्याने मला सांगून लपवलं होतं का तिकीट?" उत्तर बरोबर होतं.

भाग लागला त्या आठवड्यात बसमध्ये शेजारच्या मुलीने मला तो तुकडा दाखवला. "ए, बघ ना, हा तर नुसता बसलाच! कसला फुसका दादा." मी हसले. माझा भाऊ आहे, असं म्हणाले नाही.

गल्लीत आता शांतता आहे. काकू हातगाडी हवी तिथे लावतात. कागद घेऊन मात्र पूर्वीसारखं कुणी येत नाही. सख्ख्या भावाचं लिहिते, आपलं काय सोडेल, असं वाटत असेल. दादा कुणावर हात टाकत नाही. माझ्याशी बोलतही नाही. त्याचा गुडघा अजून सुजतो.

परवा सकाळी बस पकडायला निघाले, तर तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा. हातात हॉस्पिटलचा कागद. दुकानदार वाचत होता, ऑपरेशनचं काहीतरी. मी ओलांडून पुढे गेले तेव्हा मागून दादाचा आवाज आला:

"सगळं वाचलंस ना, मालक? मदलं काय सोडलं न्हाई ना?"