अल्कानं सोडलेली जागा

बेहळटोल्यात कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो आधी अल्का शहारेच्या ओसरीवर जायचा, आणि त्यात काय लिहिलंय ते मगच घरच्यांना कळायचं. आमगावपासून आठ किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध वसलेलं हे दोनशे घरांचं गाव. अल्का बारावी शिकलेली. निराधार योजनेचा अर्ज, रेशनच्या मशीनवर न उमटणारा एखाद्या म्हातारीचा अंगठा, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव, असल्या कामांसाठी ती महिन्यातून चार-पाचदा तहसीलच्या पायऱ्या चढायची. नवरा गुलाब आमगावच्या राईस मिलमध्ये हमाल होता. सकाळी कामावर जाताना तो तिला गाडीवर मागे बसवून न्यायचा. यायला ती मिळेल त्या ऑटोनं यायची.

शहारे कुटुंब बौद्ध. गुलाबच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि ती गोष्ट घरात अजून सांगितली जायची. अल्काचं माहेरही बौद्धच. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर ती सहा महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यातली एक नर्स रोज तिच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. बरी झाल्यावर अल्का त्या नर्सच्या प्रार्थनासभेला जाऊ लागली, आणि दोन वर्षांनी वाघ नदीत बाप्तिस्मा घेऊन ती ख्रिस्ती झाली. गुलाब एवढंच म्हणाला, "तुले बरं वाटते नं, मंग जा." सासू कलाबाई मात्र वर्षभर तिच्याशी धड बोलली नाही. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर होती तिथेच राहिली. ती पुसायचं काम अल्काकडेच होतं आणि तिनं ते कधी चुकवलं नाही. पुढे कलाबाईनंही तो विषय सोडून दिला.

गावात आणखी चार-सहा घरं प्रार्थनेला येऊ लागली. ओमेश नावाचे पाळक दर रविवारी गोंदियाहून मोटारसायकलवर यायचे. अल्का त्या सभेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची. बायबलात पौलानं आपल्या पत्रात तसं सांगितलं आहे, म्हणून ती सरपंचापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळ्यांची नावं घ्यायची. कोण कुठल्या पक्षाचा, हे बघायची नाही. अधिकार देवानं नेमलेले असतात, हे तिनं एकदा मनाशी पक्कं केलं होतं. तहसीलमधला कारकून तिला चार चकरा मारायला लावायचा तेव्हा हे मानायला तिला जड जायचं, पण ती मानायची.

दोन हजार बावीस साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच थेट गावातून निवडायचा होता आणि ते पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं होतं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी हिरालाल रहांगडाले अल्काच्या ओसरीवर येऊन बसले. गावातले मोठे धानवाले शेतकरी. दोन निवडणुका त्यांचंच पॅनल निवडून आलं होतं.

"अल्काबाई, सरपंचाचा फारम तुमी भरा," ते म्हणाले. "दुसरं नावच नाई आमच्या डोक्यात."

"माह्यं काऊन?"

"काऊन म्हंजे? अर्ध्या गावाची पेन्शन तुमच्या हातानं सुरू झाली. विरोधात उभी राहाले कोनी धजणार नाई. जातीचा दाखला आहे नं तुमच्यापाशी?"

दाखला होता. वैधता प्रमाणपत्रही होतं. अंगणवाडीच्या जागेसाठी तिनं दोन्ही काढली होती, बाप्तिस्म्याच्या आधी. ती नोकरी मिळाली नाही, कागद मात्र पेटीत राहिले.

"हिरालालभाऊ, मी प्रार्थनेले जातो. तुमाले माहीत आहे."

"गावाले माहीत आहे. सरकारले माहीत नाई. आन गाव काई तक्रार कराले जात नाई."

अल्कानं दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्याच दिवशी तिनं तहसील गाठलं आणि निवडणुकीचं काम बघणाऱ्या साहेबांना सरळ विचारलं. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. अनुसूचित जातीची जागा हिंदू, शीख आणि बौद्ध या तीन धर्मांतल्या माणसालाच लढवता येते. ख्रिस्ती धर्म स्वीकारला की तो हक्क राहत नाही, मग दाखला कितीही जुना असो.

"अन् कोनी बोललंच नाई तर?" अल्कानं विचारलं.

"तर अर्जाखाली तुमची सही असेल, ताई," साहेब म्हणाले. "ती आम्ही करत नाही."

ऑटोत बसून घरी येताना अल्काला राग आला होता. साहेबांचा नव्हे, कायद्याचा. ती अजून त्याच मोहल्ल्यात राहत होती. जी माणसं पूर्वी तिच्या हातचं पाणी घ्यायला काचकूच करायची, ती आजही करत होती. नदीत बुडी मारल्यानं तेवढं काही धुवून निघालं नव्हतं. मग सरकारला कसं वाटलं की निघालं?

रविवारी सभा संपल्यावर ती ओमेश पाळकांशी बोलली. तिला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते उलटच बोलले.

"उभ्या राहा, अल्काताई. विचार करा, आपल्या माणसाच्या हाती गावाचा कारभार येईल. बायबलातला योसेफ मिसरच्या राजाचा कारभारी होता, दानीएल बाबेलच्या दरबारात होता. आणि एस्तेर? परक्या राजाच्या वाड्यात गेली तेव्हा तिनं आपली जात कुणाला सांगितली होती? तिला वाढवणाऱ्या मर्दखयनंच गप्प राहायला सांगितलं होतं. तशी राणी झाली म्हणून तर तिच्या लोकांचा जीव वाचला."

अल्कानं सतरंजीची घडी घातली.

"पास्टरजी, एस्तेर गप्प होती तवा राणी झाली, हे खरं आहे," ती म्हणाली. "पन लोकायचा जीव वाचला तो आपन कोन ते तिनं राजाले सांगितल्यावर. गप्प राहून नाई वाचला."

"हा कायदा अन्यायाचा आहे, ताई."

"आहे. मलेही तसंच वाटते. त्यासाठी अर्ज कराचा, मोर्चा काढाचा, कोर्टात जाचं, तर सांगा, मी येतो. पन त्याच कायद्याशी खोटं बोलून त्याच्याच खुर्चीवर बसू, मंग उद्या गावाले कोनत्या तोंडानं सांगू का खरे कागद लावा म्हनून?"

पाळकांना हे पटलं नव्हतं. प्रार्थनेच्या मंडळीतल्या इतरांनाही पटलं नाही. एकीनं तर तोंडावर सांगितलं, की देवानं दार उघडलं आणि तू ते लावून घेतलं. घरी गुलाबही खट्टू झाला होता. बायको सरपंच झाली असती तर मिलमध्ये त्याला कोणी हाक मारताना जरा वेगळी मारली असती, एवढी साधी इच्छा होती त्याची. कलाबाईनं मात्र कधी नव्हे ती सुनेची बाजू घेतली. "धम्म सोडला तर त्याच्या नावावर खाचं नाई," ती म्हणाली. "एवढं तरी कळते तिले." हे कौतुक होतं की टोमणा, ते अल्काला ठरवता आलं नाही.

तिनं हिरालालना नकार कळवला आणि त्याच आठवड्यात आपल्या प्रभागातल्या सर्वसाधारण महिलेच्या जागेसाठी सदस्य म्हणून अपक्ष अर्ज भरला. त्या जागेला जात-धर्माची अट नव्हती. ती जागा हिरालालनी दुसऱ्या बाईला कबूल केली होती, त्यामुळे ते चिडले. सरपंचपदासाठी त्यांनी दामिनीला उभं केलं. दामिनी तिशीची, शेजारच्याच गल्लीतली बौद्ध घरातली सून. नवरा लोकेश हिरालालच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. दामिनीला कोणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर सही करताना तिनं फक्त एवढं विचारलं होतं, की रोज ऑफिसला जावं लागेल का.

दामिनी मोठ्या फरकानं निवडून आली. अल्का नऊ मतांनी.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. टेबलामागे मधल्या खुर्चीवर लोकेश बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी ग्रामसेवक, पलीकडे हिरालाल. दामिनी मागे बायकांच्या सतरंजीवर पदर सावरत बसली होती. ग्रामसेवकानं विषय वाचायला सुरुवात केली तशी अल्का सदस्यांच्या बाकावरून उठली.

"मले सरपंचाले एक विचाराचं आहे."

"विचारा," लोकेश म्हणाला.

"तुमाले नाई. सरपंच कुठी आहे?"

लोक हसले. लोकेशही हसला. "ताई, एकच आहे ते. मी ऐकून रायलो."

"एकच नाई. गावानं बटन दामिनीच्या नावाचं दाबलं. ग्रामसेवकसाहेब, सभेचा अध्यक्ष कोन, ते रजिस्टरात काय लिहून रायले तुमी?"

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. नवऱ्यांनी कारभारात ढवळाढवळ करू नये असं शासनाचं पत्रक त्याच्याच फायलीत होतं. तो हळू आवाजात लोकेशला काहीतरी म्हणाला. लोकेश हिरालालकडे बघू लागला. हिरालाल आभाळाकडे. शेवटी लोकेश उठला. दामिनीला दोघी-तिघींनी ढकलत पुढे पाठवलं. ती खुर्चीच्या कडेला टेकेपर्यंत अल्का उभीच राहिली, आणि मग म्हणाली, "सरपंचबाई, वरच्या टोलीच्या नळाले तीन महिने झाले, पानी नाई. काऊन नाई?"

दामिनीला उत्तर माहीत नव्हतं.

"आज नसन सांगता येत तर पुढच्या सभेत सांगा," अल्का म्हणाली आणि खाली बसली.

अल्काला वाटलं होतं, दामिनीला हायसं वाटेल. तसं झालं नाही. सभा सुटल्यावर लोकेश अल्काला वाटेल ते बोलला, ते तिनं ऐकून घेतलं, त्याचं तिला विशेष वाटलं नाही. पण बोअरवेलवर दामिनी भेटली तेव्हा ती म्हणाली, "तुमाले खुर्ची पाह्यजे होती तर तवाच घ्याची होती. माह्यी फजिती कायले केली?" आणि घागर उचलून निघून गेली. दोन महिने तिनं तोंड फिरवलं. अल्काही वरमली होती. आपण अधिकाराचा मान राखला की सगळ्या गावासमोर एका पोरीला उघडं पाडलं, याचा हिशोब तिला लागत नव्हता. गुलाब म्हणाला, दोन्ही केलं असशील.

मार्चअखेर एका दुपारी दामिनी स्वतःच ओसरीवर आली. हातात फाईल होती. वरच्या टोलीच्या पाइपलाइनचं काम हिरालालच्या माणसानं घेतलं होतं, ते पूर्ण झाल्याचा दाखला होता आणि त्यावर तिची सही हवी होती. लोकेशनं सांगितलं होतं, डोळे मिटून कर.

"ह्यात काय लिहिलं आहे, सांगा," दामिनी म्हणाली.

"तू वाच. अडलं तर मी सांगतो."

दीड तास लागला. वाचून झाल्यावर दामिनीनं फाईल मिटली. मग दोघी चालत वरच्या टोलीत गेल्या. अर्धा पाइप अजून नालीच्या कडेला उघडा पडला होता. दामिनीनं सही केली नाही. घरी त्यावरून दोन दिवस भांडण झालं, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. हिरालालनी लोकेशला ट्रॅक्टरवरून काढून टाकलं आणि महिन्याभरानं परत ठेवलं, कारण हंगामात दुसरा ड्रायव्हर मिळेना. पाइप जमिनीत गेला तो मे महिन्यात. दामिनीनं सही केली ती त्यानंतर.

त्या वर्षी डिसेंबरात ओमेश पाळकांनी अल्काला निरोप पाठवला. मंडळी वाढली होती, पंचवीस तारखेला नाताळसाठी ग्रामपंचायतीचं समाजभवन मिळालं तर बरं होईल. तुम्ही सदस्य आहात, सरपंच तुमचं ऐकते. अल्कानं सगळ्यांसारखा अर्ज करायला लावला. मासिक सभेत ग्रामसेवकानं दोन अर्ज टेबलावर ठेवले. त्याच तारखेला बचत गटाचं मशरूमचं प्रशिक्षण होतं आणि तो अर्ज चार दिवस आधीचा होता.

आता दामिनी खुर्चीत मागे टेकून बसत असे. तिनं अल्काकडे पाहिलं. "अल्काताई, तुमचं काय म्हननं आहे?"

"माह्या मंडळीचा अर्ज आहे, म्हनून मी ह्या विषयावर मत देत नाई."

"तसं असन तर पयल्या अर्जाले मंजुरी," दामिनी म्हणाली. "दुसऱ्यायले सव्वीस तारीख द्या."

पाळक नाराज झाले. नाताळ काय पुढे ढकलायचा असतो, असं ते फोनवर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग पंचवीसची उपासना नेहमीच्या खोलीत दाटीवाटीनं झाली आणि जेवण सव्वीसला समाजभवनात ठेवलं. दामिनी जेवायला आली. लोकेशला तिनं पाण्याच्या कॅन आणायला लावलं होतं, तो त्या उतरवून दाराबाहेरच उभा होता. गुलाबनं त्याला आत बोलावून आपल्या पंगतीत बसवलं.