डाव्या बाजूला, मधे

येल्मर होत्समा शहरातल्या क्लबाकडून तेरा वर्षं फुटबॉल खेळला. तीनशे चार सामने, सगळे मैदानाच्या मधोमध. गोल करणाऱ्यांतला तो नव्हे. मागच्याकडून चेंडू घ्यायचा, चार पावलं पळायचं आणि पुढच्याच्या पायात नेमका द्यायचा, टाळ्या पुढच्याला. शहरात अजून एखादा म्हातारा भर रस्त्यात थांबून त्याचा हात हातात घेतो. आमच्या गावात मात्र त्या तेरा वर्षांबद्दल कोणी ब्र काढत नाही, कारण ते सामने रविवारी व्हायचे.

आमच्याकडे रविवार म्हणजे रविवार. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात घालून ठेवायचे, सायकल गोठ्यात, आणि दोन वेळा चर्च. गावाचा संघसुद्धा शनिवारीच खेळतो. येल्मरचे बाबा, सीत्से, चर्चच्या कारभारी मंडळींतले. गायींच्या धारा काढण्यापलीकडे रविवारी त्यांनी काडी इकडची तिकडे केली नाही. त्यांच्या पोराने एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या क्लबाच्या कागदावर सही केली, तेव्हा ते ओरडले नाहीत की घराबाहेर काढलं नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी तू कुठे जातोस ते मला सांगायचं नाही."

येल्मरने नाही सांगितलं. बापलेक मग गायींवर बोलले, कालव्याच्या पाण्यावर बोलले, लोण्याच्या भावावर बोलले. एकोणनव्वद सालच्या मार्चमध्ये एका सामन्यात चिखलात त्याचा डावा गुडघा फिरला, तेव्हाही त्याने घरी चकार शब्द काढला नाही. पुढची दोन वर्षं दर सामन्याआधी त्या गुडघ्यात सुई टोचून घेतली आणि खेळला. मग खेळ संपला. त्यानंतर तीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. आता पासष्टीला आलाय, जिन्यावर एका वेळी एकच पायरी चढतो.

त्या मंगळवारी सीत्से गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. दफन शनिवारी ठरलं, आणि बुधवारी सकाळी हेडझर घरी आला. हेडझर म्हणजे गावातल्या खांदेकऱ्यांचा म्होरक्या. आमच्याकडे शवपेटी गाडीवरून नेत नाहीत; सहा जण खांद्यावर घेतात, घंटा वाजत असते, आणि चर्चभोवतीच्या दफनभूमीला तीन फेऱ्या घालून मग खड्ड्यापाशी जातात. आपले सहा कोण, हे माणूस जिवंतपणीच लिहून हेडझरच्या पेटाऱ्यात ठेवतो.

स्वयंपाकघरात थोरला भाऊ टीमन, बहीण बाउके आणि येल्मर बसले होते. येल्मरचा जीव टांगणीला लागला होता. नाव नसलं, तर बाबांनी मरेपर्यंत माफ केलं नाही हे गावासमोर येणार. असलं, तर हा गुडघा आहेच.

"टीमन पुढे, उजवीकडे," हेडझरने वाचायला सुरुवात केली. शेजारचे दोघे, चुलतभाऊ, बाउकेचा नवरा. "आणि येल्मर. डाव्या बाजूला, मधे."

येल्मरने श्वास सोडला. पण त्याचं समाधान कॉफी निवेपर्यंतही टिकलं नाही.

"मधे?" तो म्हणाला. "मी सगळ्यांत उंच. उंच माणूस मागे असतो, डोक्याकडे. मधे म्हणजे कोणाला दिसू नये म्हणून."

"नाव आहे ना? मग गप बस की," बाउके म्हणाली.

"अगं, त्याला भीती वाटतेय," टीमन कपात बघत म्हणाला. "रविवारचा गुडघा शनिवारी चालत नसेल."

"तुझी जीभ मात्र सातही दिवस चालते," येल्मर म्हणाला.

"पुरे!" हेडझरने टेबलावर हात आपटला. "येल्मर, जमणार नसेल तर आत्ताच सांग, दुसरा बघतो. यात कमीपणा नाही. पण फेरीत खाली बसलास तर पेटी तुझ्याबरोबर खाली येईल, आणि हे गाव ते तुझ्या नातवंडांनाही ऐकवेल."

"जमेल," येल्मर म्हणाला. न जमण्याचीच शक्यता जास्त होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी तो शहरात डॉक्टरकडे जाऊन बसला. एक सुई, की दिवसभर गुडघा शांत. दोन वर्षं हेच तर केलं होतं. पण नाव पुकारायच्या आधीच तो उठला. दुखतोय तोवर गुडघा कधी दगा देणार ते कळतं. बधिर झाला की एकदम जातो. मैदानात पडलं तर चिखल लागतो. इथे खांद्यावर बाबा असणार होते. तो तसाच घरी परतला, आणि रात्री त्याने कपाटातला काळा कोट काढला.

शनिवारी वारा असा सुटला होता की बायकांनी टोप्या हाताने धरल्या होत्या. सहा जणांनी पेटी उचलली. पहिली फेरी ठीक झाली. दुसऱ्या फेरीत चर्चच्या मागच्या उतारावर गुडघ्यात कळ गेली, आणि येल्मरने तोंडातली पेपरमिंटची गोळी कडकन फोडली. भिंतीशी अख्खं गाव उभं होतं. सगळ्यांच्या नजरा आपल्या पायावर आहेत असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या होत्याच. तिसऱ्या फेरीत पुन्हा तोच उतार आला. तो पावलं मोजू लागला. मोजता मोजता त्याच्या ध्यानात आलं, की पेटी उजव्या खांद्यावर आहे, भार उजव्या पायावर पडतोय, आणि डाव्याला नुसतं चालायचंय. पुढच्याचे पाय लटपटत होते, मागच्याला धाप लागली होती. सगळ्यांत कमी ओझं त्याच्याकडे होतं. तो पडला नाही.

नंतर चर्चच्या बाजूच्या खोलीत कॉफी आणि केकची एकेक फोड फिरली. टीमनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चाललास की रे," म्हणाला. टीमनच्या तोंडून एवढं आलं म्हणजे खूप झालं. येल्मरने हेडझरला कोपऱ्यात गाठलं.

"जागा तू ठरवल्यास ना? माझा पाय बघून?"

"मी कशाला? मी तर तुला मागेच लावला असता." हेडझरने कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. "हा घे. घरच्यांनी ठेवायचा असतो."

जुना पिवळा कागद. नावांवर नावं खोडलेली. एकेक जण मेला तसा बाबांनी त्याच्या जागी दुसरा लिहिला होता, कधी पेनाने, कधी पेन्सिलीने, शेवटचं अक्षर तर पार वाकडंतिकडं. फक्त एक ओळ पहिल्यापासून तशीच होती. "येल्मर, डाव्या बाजूला, मधे. म्हणजे भार उजव्या खांद्यावर येईल. त्याचा डावा गुडघा गेला आहे." वर तारीख होती, १३ मार्च १९८९. सोमवार.

येल्मर भिंतीला टेकला. सामन्यानंतरचाच सोमवार. रविवारच्या सामन्यांची बातमी सोमवारच्या वर्तमानपत्रात यायची. ज्या बाबांनी त्याला कधी विचारलं नाही, त्यांनी दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या म्होरक्याकडे, हेडझरच्या बापाकडे, जाऊन हे लिहून ठेवलं होतं. आणि पस्तीस वर्षं त्याच्यासमोर बसून लोण्याच्या भावावर बोलत राहिले होते.

त्याला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. "एकदा विचारलं असतं," तो बाउकेला म्हणाला. "पाय कसा आहे, एवढंच. काय बिघडलं असतं गं त्यांचं?"

बाउकेने कागद वाचला, घडी करून त्याच्या खिशात घातला.

"ते म्हणाले होते, कुठे जातोस ते सांगू नकोस," ती म्हणाली. "पाय दुखतोय हे सांगू नकोस, असं कधी म्हणाले होते?"

खुर्ची दोन हातांवर होती, तिच्यापर्यंत चालत जायला येल्मरला बराच वेळ लागला.