अण्णाच्या फोनवर येणारे सहा आकडे

भाव करताना उठून चालू लागायचं, हे मी विशीतच शिकलो. समोरचा आपल्या रेटवर अडून बसला की पिशवी उचलायची, चपला घालायच्या आणि दाराबाहेर पडायचं. पायऱ्या उतरेपर्यंत हाक येतेच. "या की परत. काय तुमचं बी लगेच." यंत्रमागाच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली वायरी ओढत होतो, तिथून आज सोलापुरात स्वतःच्या नावावर इलेक्ट्रिकची कंत्राटं घेतो, ते या एका सवयीवर. वायरिंग माझ्यापेक्षा चांगलं करणारे या गावात पुष्कळ आहेत. त्यांना उठून जाता येत नाही.

सीएच्या ऑफिसातही मी तसाच उठलो. तीन वर्षांची रिटर्न आणि नोटिशीचं उत्तर, यांचे त्यांनी पंधरा हजार सांगितले. मी सात म्हणालो. ते कॉम्प्युटरकडंच बघत म्हणाले, "मग दुसरीकडं बघा." मी पिशवी उचलली. जिन्याच्या वळणावर थांबलो आणि चपलेचा पट्टा बसवायचं निमित्त केलं. वर कीबोर्डचा आवाज चालू होता. हाक आली नाही. पिशवीत आयकर खात्याचं टपालानं आलेलं पत्र होतं आणि उत्तराला चार दिवस उरले होते. मी परत वर गेलो.

"पंधरा तर पंधरा."

"बसा," ते म्हणाले. अजूनही कॉम्प्युटरकडंच बघत होते.

पत्रातलं इंग्रजी त्यांनी मला मराठीत सांगितलं. तीन वर्षं तुमच्या खात्यावर कारखानदारांचे चेक येत आहेत आणि तुम्ही रिटर्न भरलेलं नाही. मुदतीत हिशेब दिला नाही तर माल, मजुरी, भाडं काहीही वजा न करता आलेल्या सगळ्या रकमेवर टॅक्स लावू. मी मनातल्या मनात आकडा काढला. माझ्या धंद्यात शंभराचा चेक आला तर ऐंशी-पंच्याऐंशी वायर, पाइप आणि माणसांच्या पगारात जातात. गाळा घेण्यासाठी आठ वर्षं जमवलेली एफडी त्यात गेली असती आणि वर कर्ज झालं असतं.

"पण माझा टॅक्स कापूनच चेक येतो की," मी म्हणालो.

खरंच मला तसं वाटत होतं. बिलाचे पैसे देताना कारखानदार शंभरातला एक रुपया कापतो आणि माझ्या नावानं सरकारकडं भरतो. त्या एका रुपयावरूनसुद्धा मी क्लार्क लोकांशी भांडलो आहे. टॅक्स कापला, विषय संपला, असं मी धरून चाललो होतो.

"अहो, तो कापलेला रुपया म्हणजे तुम्ही कमावताय ही सरकारला गेलेली वर्दी," सीए म्हणाले. "हिशेब पुढं द्यायचा असतो. याआधी कोण करत होतं तुमचं?"

याआधी अण्णा करत होता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होता, आता रिटायर आहे. आमचं मूळ गाव मैंदर्गी. घरात कानडी, रस्त्यावर मराठी. वडील लवकर गेले. अण्णा शिकला आणि नोकरीला लागला. मी नववीत शाळा सोडून शेडमध्ये गेलो. धंदा सुरू केल्यावर दर जुलैत मी बिलांनी भरलेलं बुटाचं खोकं घेऊन त्याच्या घरी जायचो. तो फरशीवर बसून बिलांचे गठ्ठे लावायचा. वायरचे इथं, डिझेलचे तिथं. मधेच एखादं उचलून म्हणायचा, "तम्मा, हे काय? हॉटेलचं बिल धंद्यात घालतोस?" कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. बँकेत माझं एक वेगळं खातंही त्यानंच काढायला लावलं होतं. चेक जमा झाला की दहावा हिस्सा तिकडं टाकायचा. "ते तुझं न्हाय," असं तो म्हणायचा. मी त्या खात्याला सरकारचं खातं म्हणायचो. फी म्हणून त्यानं कधी चहासुद्धा घेतला नाही. चहा वहिनीच द्यायची.

नोटीस यायच्या चारेक वर्षं आधी अण्णानं विजापूर रोडच्या बाजूला घर बांधलं. बांधकाम चालू असताना मी वाट बघत होतो. स्लॅब पडला, भिंती झाल्या. पाइप टाकायला भिंतींना झिऱ्या मारायची वेळ आली असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. तो विचारेल म्हणून मी दोन कामं पुढं ढकलली. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर वास्तूच्या जेवणाचं निमंत्रण आलं आणि खाली घराचं लोकेशन. गेलो. दारात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा स्विचांचा बोर्ड बघितला. वाकडा बसला होता.

पंगतीत वीस-पंचवीस माणसं होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, वायरिंग कुणी केलं?"

त्यानं एका कंत्राटदाराचं नाव सांगितलं. तो मला रेटमध्ये कधी हरवू शकलेला नाही.

"मला कोटेशन तरी मागायचंस."

"तुला काम दिलं असतं तर तू पैसे घेतले नसतेस," अण्णा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि जन्मभर बोलून दाखवलं असतंस."

कुणीतरी हसलं. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ताटावरून उठलो, चपला घातल्या, फाटकाबाहेर गाडीजवळ उभा राहिलो. किल्ली खिशात होती तरी शोधत राहिलो. नंतर गाडी सुरू केली आणि पहिल्याच सिग्नलला त्याचा नंबर ब्लॉक केला. फोनही, मेसेजही. त्या वर्षीच्या जुलैत बुटाचं खोकं कपाटावरच राहिलं. सरकारच्या खात्यात पैसे टाकायचेही बंद केले. होते ते काढून नवी ड्रिल मशीन घेतली.

मला आजही वाटतं, त्यानं विचारायला हवं होतं. मी पैसे घेतले असते. पॉइंटमागे पाच-दहा रुपये कमी केले असते, पण घेतले असते.

तर सीएच्या ऑफिसात ही अडचण निघाली. तिथं काम करणाऱ्या मॅडमनी आयकराच्या साइटवर माझा पॅन नंबर टाकला आणि विचारलं, "काका, पासवर्ड?"

"मला कधी माहीतच नव्हता."

"मग नवा करू. ओटीपी पाठवते, मोबाइल बघा."

मी फोन हातात घेऊन बसलो. काही आलं नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. नंबरच्या जागी फुल्या होत्या आणि शेवटचे आकडे तेवढे दिसत होते. माझ्याच नंबरसारखे, एकानं जास्त. आम्ही दोघांनी एकाच टपरीवर एकापाठोपाठचे दोन नंबर घेतले होते, तेव्हा सिमकार्ड घेणं ही मोठी गोष्ट होती. अण्णानं रिटर्नसाठी आपला नंबर टाकला होता. मी दिवसभर शिडीवर असायचो, म्हणून.

"हा नंबर बदला की."

"आधारवरून होतं. पण आधारलासुद्धा तोच नंबर दिसतोय काका. आधी तिकडं बदलावा लागेल, त्याला दिवस जातात. नेट बँकिंग आहे?"

"मी चेकवाला माणूस आहे."

"मग ज्यांचा नंबर आहे त्यांना फोन करा. पंधरा मिनिटं चालतो ओटीपी." मग म्हणाल्या, "कुणाचा आहे?"

"भावाचा."

"मग काय," त्या म्हणाल्या आणि पेन घेऊन तयार बसल्या.

पंधरातली सहा-सात मिनिटं मी व्हरांड्यात घालवली. खाली रिक्षावाला एका बाईशी दहा रुपयांवरून भांडत होता. एरवी मी थांबून ऐकलं असतं. इतकी वर्षं मी त्याचा नंबर ब्लॉक ठेवला होता, पण पुसला नव्हता. लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"हं."

"अण्णा, तुझ्या फोनवर ओटीपी आलाय बघ. इन्कम टॅक्सचा."

"आलाय."

"सांग की."

"नोटिशीचं उत्तर द्यायला लागलास का?"

"तुला कसं माहीत?"

"सगळे मेसेज माझ्याकडंच येतात की. तीन वर्षं येतायत. रिटर्न भरा, रिटर्न भरा. आला की तुला पाठवायचो." तो चष्मा शोधत असावा, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "एकच टिक पडायची. दुसरी कधी पडलीच न्हाय."

शहर केवढंसं आहे. यायचं असतं तर येता आलं असतं. हे ओठावर आलं होतं. आत मॅडम घड्याळाकडं बोट दाखवत होत्या.

"लिहून घे," अण्णा म्हणाला, आणि आईनं शिकवलेले आकडे वाचू लागला. आम्ही मराठी शाळेत गेलो तरी मोजायचो कानडीतच. "येरडू, सोन्ने, एळू." थांबला. "मूरू, मूरू, वंबत्तू."

मी दारातून आत सांगितलं, "दोन, शून्य, सात. तीन, तीन, नऊ."

"झालं?" त्यानं विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "झालं," मी म्हणालो. फोन कुणी आधी ठेवला ते आठवत नाही.

मुदतीच्या आत उत्तर गेलं. खर्च वजा झाला. तरी तीन वर्षांचा टॅक्स, व्याज आणि दंड मिळून एफडी निम्मी मोडावी लागली. गाळा घ्यायचा राहिला. मी अजून अक्कलकोट रोडच्या त्याच भाड्याच्या गोदामात आहे. खाली वायरची बंडलं, वर एक खोली. लग्न केलं नाही. पैसा आला तोवर वय गेलं होतं. ओटीपी मिळाला त्या दुपारी मेसचा डबा उघडायच्या आधी मी अण्णाचा नंबर ब्लॉकमधून काढला आणि मेसेज बघितले. मधल्या काळातलं काहीच नव्हतं. ब्लॉक असताना पाठवलेलं नंतर येत नाही, हे मला पुढं एका गिऱ्हाइकानं सांगितलं. शेवटचा मेसेज वास्तूच्या घराचं लोकेशन होता. भाकरी कडक झाली होती, शेंगाचटणीशी पाणी पिऊन खाल्ली.

काम संपलं त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, आता आधारवर नंबर बदलून या. मग इथं तुमचा टाकून देते, दरवेळी त्रास नको."

"त्याचे किती?"

"आमचं काही नाही. तिकडं थोडी फी असते."

फुकटात होणारं काम मी आजवर कधी नाकारलेलं नाही. "राहू दे," म्हणालो. "तोच असू दे."

आता वर्षातून एकदोनदा अण्णाला फोन करावा लागतो. ओटीपी विचारतो, तो कानडीत सांगतो, झालं. मी त्याच्याकडं जात नाही, तो बोलवत नाही. सरकारच्या खात्यात मात्र दहावा हिस्सा परत टाकतोय.

गेल्या जुलैत सीएच्या ऑफिसातून फोन केला तर तो आकडे सांगेचना.

"आला न्हाय का?"

"आलाय. सांगतो. ते आपलं, गिझर लावला की बोर्ड तापतोय. बारका वास पण येतोय."

"ज्यानं वायरिंग केलंय त्याला विचार."

"तो फोन उचलत न्हाय."

मला हसू आलं, पण आवाजात येऊ दिलं नाही. "गिझरला जाडी वायर लागते. त्यानं लाइटचीच ओढली असणार. आतून काळी पडली असंल. मेन बंद कर आधी."

"बंद करून काय अंधारात बसू?"

"गिझरचा तरी कर. पॉइंट किती आहेत बाथरूमला?"

"मला काय कळतंय पॉइंट? तू ये आणि मोज."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रेट काय लावशील?" त्यानं विचारलं. आयुष्यात त्यानं कुणाला हा प्रश्न विचारला नसावा.

"आधी बघावं लागंल," मी म्हणालो. "जुनी वायर काढायची मजुरी वेगळी पडते."

"वेगळी कशी? काढल्याशिवाय नवी टाकतोस कुटं?"

त्यावर बराच वेळ गेला. त्याला भाव करता येत नाही. एकच मुद्दा तीन वेळा सांगतो. शेवटी मॅडमनी हाक मारली, "काका, वेळ संपला ओटीपीचा. पुन्हा पाठवू का?"

"पाठवा," मी म्हणालो.