आधी पाईप काढा, म्हणणारे खलीलचाचा

खलीलचाचांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्यामुळे सगळं काम बंद पाडलं होतं. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. लेख प्रसंगाला शोभेसा असावा, असा निरोप संपादक मंडळाने दोनदा धाडला. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण शेख खलील शेख उस्मान या गृहस्थांबरोबर ज्यांनी एक आठवडा जरी काम केलं असेल, त्यांना ठाऊक आहे की वैताग वगळून त्यांच्याविषयी लिहायचं, तर निम्मे खलीलचाचाच वगळावे लागतील.

नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकून मी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. माल ठेवायच्या लाकडी चौकटी असतात ना, फोर्कलिफ्टने उचलतात त्या, पॅलेट म्हणतात त्यांना, त्या आम्ही बनवत असू. खलीलचाचा तिथे मिस्त्री होते. मूळचे उमरीचे, पिढीजात सुतार. पहिल्याच सकाळी मी नवी वही काखेत मारून शेडमध्ये शिरलो. सहा कामगार सहा नेलगन घेऊन खिळे ठोकत होते. ही गन हवेच्या दाबावर चालते. कॉम्प्रेसरमधून पाईपने हवा येते, ट्रिगर दाबला की बोटाएवढा खिळा पापणी लवायच्या आत लाकडात. पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे एकदा बघून सरळ कॉम्प्रेसरपाशी गेले आणि त्यांनी हवा बंद केली. सहाही गन मुक्या झाल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब आले."

"मग काम का थांबवलं?"

"साहेबांच्या डोळ्याला चष्मा न्हाई. तुम्ही चष्मा घाला, मी हवा सोडतो."

"अहो, मी इतक्या लांब उभा आहे."

"खिळ्याला काय ठाऊक, साहेब लांब उभे हायत म्हणून?"

सहा कामगार माझ्याकडे बघत होते. मी एकाकडून संरक्षक चष्मा घेऊन घातला. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडून होतो, आणि खरं सांगायचं तर तो राग पूर्ण गेलेला नाही.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते सगळ्यांना रांगेत उभं करत आणि विचारत, "खिळा अडकला. आधी?" सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "पाईप काढा." गनमध्ये हवा असताना अडकलेल्या खिळ्याला हात लावायचा नाही, एवढीच गोष्ट. एकदा सांगून पुरावी अशी. पण चाचा रोज विचारत. रजेवरून आलेल्या माणसाला दोनदा विचारत. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे अधिकारी शेड बघायला आले, तर त्यांनाही विचारलं. ते बिचारे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मालक घसा खाकरत राहिले. चाचा उत्तराची वाट बघत तसेच उभे. शेवटी त्या पाहुण्यांच्या वतीने मीच म्हणालो, "पाईप काढा."

गन हातात घेऊन चालताना ट्रिगरवर बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे. दुसरा हात खिळ्यापासून निदान हातभर लांब हवा. पातळ फळीच्या पलीकडे कोणी उभं असेल, तर खिळा मारायचाच नाही, कारण तो आरपार जातो. लातूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, चष्म्यात घाम साचतो. कामगार तो वर सरकवत. चाचा प्रत्येकाकडे जाऊन तो खाली ओढत. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही. मोजलं असतं, तर मला वेड लागलं असतं.

एवढ्या आग्रहामागे काहीतरी जुनं दुःख असणार, अशी माझी समजूत होती. एखादा भाऊ, एखादा मित्र, काहीतरी. एकदा मी हळूच विचारलं, "चाचा, तुमच्या बाबतीत कधी काही घडलं होतं का?"

त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. "मोजा. दहाच्या दहा हायत. बाप गेला तवा त्याची बी दहा होती." मग पंजे मिटून म्हणाले, "बोट गेल्यावर अक्कल आली, तर ती लई महाग पडती, साहेब. आमच्या घरात फुकट मिळाली, ती वाटून राहिलो."

आता जे सांगायचं आहे, ते या ग्रंथात येऊ नये असं काही स्नेह्यांचं मत पडलं. चाचांना मी विचारलं. ते म्हणाले, "खरं हाय तर लिहा." म्हणून लिहितो.

एका मोठ्या मागणीची मुदत जवळ आली होती आणि आम्ही मागे पडलो होतो. नेलगनच्या तोंडाशी एक सरकता तुकडा असतो. आम्ही त्याला 'नाक' म्हणत असू. नाक लाकडावर दाबलं गेल्याशिवाय ट्रिगर ओढूनही खिळा सुटत नाही. सुरक्षिततेची सगळी भिस्त त्यावर. पण खरखरीत लाकडात ते नाक अडकतं आणि कामाचा वेग कमी होतो. नायगावचा मारुती आमचा सगळ्यात चपळ कामगार. तोच म्हणाला होता, "साहेब, नाकानं लई खोळंबा होऊन राहिला." मी तारेचा एक तुकडा आणवला आणि नाक मागे ओढून बांधायला सांगितलं. दोन गनची. ती कल्पना माझी, आणि हुकूमही माझा.

चाचांनी दुपारी ते पाहिलं. त्यांनी आवाज चढवला नाही. पक्कड आणून दोन्ही तारा कापल्या, दोन्ही गन आपल्या लोखंडी पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं आणि पेटीवर बसून डबा उघडला.

"चावी द्या, चाचा."

"जेवून राहिलो."

"चाचा, मुदत आहे!"

"मुदत पुढं जाती, साहेब. गेलेलं बोट न्हाई येत परत."

मी मालकांकडे गेलो. मालकांनी चाचांना शेडमधून काढून गोदामात, भुशाच्या पोत्यांवर देखरेखीला पाठवलं. चाचांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "एक कागद लिहून द्या. 'तार मी बांधायला लावली', एवढंच. खाली सही." मी हसलो. कागद दिला नाही. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

मी तारा पुन्हा बांधायला लावल्या आणि आठ दिवस काम झपाट्याने झालं. मी खूश होतो. नवव्या दिवशी सकाळी मारुती रचलेल्या पॅलेटवरून खाली उतरत होता. हातात गन, बोट ट्रिगरवर. त्याचा पाय फळीवरून घसरला, तोल सावरताना मूठ आवळली गेली. नाक बांधलेलं नसतं, तर काहीही झालं नसतं. खिळा त्याच्या उजव्या गुडघ्यात घुसला.

तो ओरडलासुद्धा नाही. खाली बसला आणि गुडघ्याकडे बघत राहिला. खिळ्याचं डोकं पँटवर दिसत होतं. मी धावत गेलो आणि तो खिळा उपसायला हात घातला. तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. गोदामातून चाचा पळत आले होते.

"न्हाई! उपसू नका. खिळा हाय तिथंच ऱ्हाऊ द्या."

त्यांनी आधी मारुतीच्या बाजूला पडलेल्या गनचा पाईप काढला. मग स्वतःची टोपी आणि कोणाचा तरी धुतलेला रुमाल घेऊन खिळ्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळ्या ठेवल्या आणि पाय हलू नये म्हणून एका फळीला बांधला. "मारुती, माझ्याकडं बघ. पायाकडं बघू नको. गावाकडं कोण कोण हाय, सांग." मारुती आई, बायको, दोन मुली अशी नावं सांगत राहिला आणि आम्ही त्याला गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "खिळा तुम्ही ओढला नाही, हे फार बरं केलं." ते मला उद्देशून म्हणाले, कारण मी साहेब दिसत होतो.  चाचा मारुतीच्या उशाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी अपघाताचा अहवाल तयार करून माझ्यापुढे सरकवला. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात लिहिलं होतं. माझी सही झाली, की मारुतीची नोकरी जाणार होती. माझी मात्र शाबूत राहणार होती. कागद घेऊन मी बाहेर आलो. चाचा गोदामाच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता हे ऐकवतील. मी तयारीही केली होती. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, तार मारुतीनं आणली होती का?"

मी परत आत गेलो. दुसरा कागद घेतला आणि घडलं तसं लिहिलं: सूचना कोणाची, तार कोणी आणवली, ती कोणी कापली आणि कोणाला त्यापायी गोदामात पाठवलं. मालक जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तो कागद सरकारी तपासनीसांपर्यंत गेला. मारुतीची नोकरी राहिली. गनना नवे ट्रिगर बसले. त्यात प्रत्येक खिळ्याला आधी नाक दाबावं लागतं, मग ट्रिगर, आणि ट्रिगर सोडल्याशिवाय दुसरा खिळा सुटत नाही. आणि चाचा शेडमध्ये परत आले.

त्या आठवड्यात मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. कामगारांच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. चाचांना सांगितलं, तर ते माझ्यावर चांगलेच वैतागले. मी त्यांना तसं वैतागलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "तुम्ही गेले, की नवा साहेब येणार. त्याला पहिल्यापासून कोण शिकवणार? माझं वय बघा! तुमच्यावर एवढी मेहनत घेतली, ती पाण्यात घालू नका. उद्या सकाळी रांगेत उभे ऱ्हा." मी उभा राहिलो. सगळ्यांच्या शेवटी, चष्मा लावून.

मारुतीचा गुडघा पुरता वाकेना. त्याला उकिडवं बसता येत नव्हतं, आणि गावाकडच्या घरी संडास साधा, बसायचा. ही अडचण तो कोणाला सांगत नव्हता. आम्हा साहेबलोकांच्या डोक्यातही ती आली नाही. चाचांच्या डोक्यात आली. एका शुक्रवारी नमाज आटोपून त्यांनी घरच्या घरी सागवानाची बैठक केली, मधे भोक, दोन्ही बाजूंना धरायला हात, आणि एसटीच्या टपावर टाकून नायगावला नेली. मारुतीच्या आईने विचारलं, हे काय आणलं? तर म्हणाले, "खुर्ची हाय, मावशी." पुढे मारुतीला त्यांनी गन तपासायचं काम शिकवलं. आज त्या कारखान्यात रोज सकाळी रांगेला प्रश्न विचारतो, तो मारुती.

निवृत्त झाल्यावर तरी हे गृहस्थ शांत बसतील, अशी माझी भाबडी आशा होती. ते नांदेडला राहायला गेले. तिथे सोफे बनवणारे, प्लायवूडची कपाटं करणारे, छताच्या आतली सजावट करणारे, सगळ्यांकडे आता छोट्यामोठ्या पिनगन आहेत. चाचा पिशवीत पाच-सहा चष्मे घेऊन बोलावणं नसताना जातात, स्टूल ओढून बसतात आणि बघत राहतात. मग दुकानदाराचा मला फोन येतो, कारण माझा नंबर चाचाच सगळीकडे वाटतात. "साहेब, तुमचे चाचा आलेत. पाईप काढून मांडीवर घेऊन बसलेत. काही तरी करा." मी काय करणार? मी म्हणतो, "चष्मा घाला. दुसरा इलाज नाही." लोक त्यांच्यावर चिडतात, मग चष्मा घालतात. ते वळले की पुन्हा काढतात. या शेवटच्या गोष्टीने मला जितका संताप येतो, तितका चाचांना येत नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा शमीमचाची माझ्यापाशी गाऱ्हाणं घेऊन बसल्या. चाचांची शुगर वाढली आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे. "आन् हे दिवसाला दहा दुकानं फिरतेत, दहा ठिकाणी साखरेचा चहा पितेत. गोळ्या तर डब्यात तशाच!" मी चाचांकडे पाहिलं. माझ्या हुकमापुढे पेटीवर बसून राहिलेला हा माणूस मान खाली घालून म्हणाला, "लोकं प्रेमानं देतेत. न्हाई कसं म्हणावं?"

माझा संयम सुटला. मी बरंच बोललो. वयाचा मानही राखला नाही, त्याबद्दल इथे जाहीर क्षमा मागतो. शेवटी म्हणालो, "चाचा, तुम्हाला काही झालं तर या लोकांच्या मागे लागायचं कोणी?"

"तुम्ही हाय की," ते म्हणाले. सहज. जणू ते केव्हाच ठरलं होतं.

चाचा, या ग्रंथातून, सगळ्या स्नेह्यांच्या साक्षीने सांगतो. मी तयार नाही. तुमच्याइतकी चिकाटी माझ्यात नाही. लोकांनी शिव्या दिल्यावर दुसऱ्या दिवशी तोच चेहरा घेऊन त्यांच्या दारात उभं राहणं मला अजून जमत नाही. ते जमेपर्यंत तुम्हाला राहावंच लागेल, आणि माझी गती बघता त्याला आणखी पंचवीस वर्षं तरी लागतील. तेवढं आयुष्य आणि तेवढी प्रकृती परवरदिगार तुम्हाला देवो. चहा बिनसाखरेचा घ्या. गोळ्या आजपासून सुरू करा. मी चाचींना रोज संध्याकाळी फोन करून विचारणार आहे.