बाप मरायच्या आधी पोचलो

बाप मेल्यावर रंगमंचावर यायचं होतं. मी तो जिवंत असतानाच आलो.

नाटक मीच लिहिलेलं, त्यामुळे विसरलो म्हणायची सोय नाही. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात दरवर्षी मंडप घालून एक नाटक होतं. त्या वर्षीचं असं: खाटेवरचा म्हातारा परगावच्या मुलाची वाट पाहत मरतो, आणि मुलगा दारात येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मुलगा मी. बाप झाले होते वारासिवनीच्या राईस मिलमधले एक हमाल काका. खाट शेजारच्या मावशीची.

ती खाट तिच्या नवऱ्याची. तो गोंदियाच्या दवाखान्यात वारला तेव्हा मावशी खाली चहा आणायला उतरली होती. वर आली तर चादर तोंडावर ओढलेली. तेव्हापासून ती रडली नाही, हे साऱ्या वॉर्डाला माहीत होतं. खाट देताना तिनं एवढंच विचारलं, "शेवटी मरते ना तो?"

"हौ, मावशी," मी म्हणालो आणि मनाशी ठरवून टाकलं, बाई घाबरली.

प्रयोगाच्या संध्याकाळी काकांचा श्वास अडकू लागला, तसा मंडप मुसमुसू लागला. बायांमधून कोणीतरी म्हणालं, "अरे, त्याच्या पोराले आणा कोणी." पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून मावशी खाटेकडे एकटक पाहत होती. विंगेत माझ्या काळजाचं पाणी झालं. लेखक आपणच, एक माणूस वाचवणं आपल्या हातात आहे, असा साक्षात्कार झाला आणि मी "बाबा" म्हणत आत घुसलो.

काकांनी एक डोळा उघडला. "अबे, आता मी का करू? उठू का?"

माइक खाटेलाच बांधलेला. मंडप खदखदला. काका उठले, मला पोटाशी धरलं, पडदा पडला. टाळ्याही झाल्या. मी शाबासकी घ्यायला सरळ मावशीकडे गेलो.

"मले त्याच्यापाशी शेवटपर्यंत बसायचं होतं," ती म्हणाली. "तू काहून मधात आला?"

शोकांतिकेवर मी तासभर बोलू शकतो, आणि कोणी अडवलं नाही तर बोलतोही. पण ती मला कळली तिथं, त्या सतरंजीवर. घरातलं मरण आपण चहा आणायला गेलो की येतं. नाटकातलं ठरल्या वेळी येतं, आणि आपण आधीच जागा धरून बसलेले असतो. ज्याच्यापाशी बसायचं राहिलं त्याच्यापाशी बसता येतं. गोड शेवटाला हे काम जमत नाही, याबद्दल मला आता तिळभर शंका नाही.

पुढच्या रविवारी दुपारी वारासिवनीत प्रयोग होता. खाट टेम्पोत चढली, मागोमाग मावशीही. या खेपेस काका सावकाश, पुरेपूर मेले. माझा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी पडदा ओढणाऱ्याला माझा शर्ट मागून धरून ठेवायला सांगितलं होतं. मावशी तोंडाला पदर लावून रडली, मग पदर सोडून रडली. त्यानंतर मी आत गेलो आणि माझं लांबलचक भाषण केलं. ते नाटकाचं शिखर आहे, असं माझं मत होतं.

परतताना मावशी टेम्पोत त्याच खाटेवर बसली होती, चेहरा धुतल्यासारखा.

"आज जमलं ना, मावशी?" मी विचारलं.

"जमलं," ती म्हणाली. "तू आलाच नसता तं अजून चांगलं झालं असतं."