काकूंची शेवंती आणि आमचे सर

डॉ. मुकुंदराव सवंडकर सरांना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागत आहे. त्यांची माझी पहिली भेट प्रयोगशाळेच्या दारात झाली, कारण त्यांनी मला आत येऊच दिले नाही. "आधी हात धुऊन ये. तंबाखू खातेस का?" मी डोंगरकडा गावाहून नुकतीच आलेली विद्यार्थिनी. मला रागच आला. तंबाखूतला विषाणू बोटांवरून फुलझाडाच्या पानांवर जातो, हे नंतर कळले. पुढे प्राचार्यांनाही सरांनी तसेच दारात अडवलेले पाहिले, तेव्हा माझा राग गेला. प्राचार्यांचा मात्र बरेच दिवस टिकला.

फुलझाडांतले विषाणू ओळखण्यात सरांचे आयुष्य गेले. पान वाटून त्याचा रस चाचणीच्या ताटलीत घालायचा, बाकीचे सोपस्कार करायचे आणि वाट पाहायची. पिवळा रंग चढला की विषाणू आहे. नाही चढला, तरी 'झाड निरोगी' असे ते लिहू देत नसत. 'विषाणू आढळला नाही' एवढेच लिहायचे.

निवृत्तीनंतर सर शिरड शहापूरला राहायला गेले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, अंगणात जांभळी शेवंती लावली. गाव त्यांना 'बाई' म्हणे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला त्या वाण म्हणून तिचा एक फुटवा देत. त्यामुळे गावात घरोघरी काकूंचीच शेवंती फुलत असे.

काकू अचानक गेल्या. त्यानंतरच्या हंगामात जांभळ्या पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा उमटल्या. बाई फुलात आल्या, असे बायका म्हणू लागल्या आणि जाता-येता झाडांना हात जोडू लागल्या. सर मात्र पाने खुडून प्रयोगशाळेत माझ्याकडे घेऊन आले. ताटली पिवळी झाली.

"पुन्हा कर," ते म्हणाले. ही सूचना ते शंका असली तरच देत. त्या दिवशी त्यांना शंका नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. मी पुन्हा चाचणी केली. ताटली पुन्हा पिवळी झाली.

गावाला लागूनच शेवंतीचे मळे आहेत. औंढ्याच्या देवळापुढच्या दुकानांत तिथली फुले जातात. मावा नावाची बारीक कीड हा रोग अंगणातून मळ्यात नेणार, हे सरांना ठाऊक होते. त्यांनी आधी स्वतःच्या अंगणातला वाफा उपटला आणि खड्डा करून पुरला. मग ते घरोघर निघाले. मी सोबत होते.

शेजारच्या गंगाबाई झाडापुढे आडव्या उभ्या राहिल्या. "सर, बाईच्या हातचं हाय हे. तुमीच उपटायला सांगून राहिले? काहून?"

"तिच्याच हातचं आहे, गंगाबाई. रोगही त्याच्यासंगंच आला. ते तिला माहीत नव्हतं आन् मलाही."

गंगाबाई झाडापुढून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "मंग तुमीच उपटा. माझ्यानं न्हाई व्हायचं." सरांनी झाड उपटले. घरी येऊन ते ओसरीवर बसले आणि रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

उपटण्याआधी त्यांनी काही कोवळे शेंडे मात्र काढून ठेवले होते. शेंड्याच्या अगदी टोकात कधीकधी विषाणू पोचलेला नसतो. ते टोक काचेच्या नळीत वाढवले, तर स्वच्छ रोप मिळू शकते. सरांचे हात आता थरथरतात, म्हणून टोके मी कापते आणि ते शेजारी बसतात. आजवर वाढलेल्या प्रत्येक रोपाची ताटली पिवळी झाली आहे. आता शेवटचे एक रोप उरले आहे. ते चाचणीजोगे व्हायला अजून अवकाश आहे.

बाजाराच्या दिवशी गंगाबाई कुंपणापाशी थांबतात.

"आल्या का बाई?"

"अजून न्हाई," सर सांगतात.

सर, 'निरोगी' हा शब्द तुम्ही आम्हाला कधी लिहू दिला नाही. आज तुमची आज्ञा मोडून लिहिते: तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. निदान कुंपणापाशी गंगाबाईंना "आल्या" असे सांगता येईल, तोवर तरी तुम्ही आम्हाला हवे आहात.