गव्हाणीतला आग्रह

आमचे थोरले दीर बुधाजीदादा म्हणजे भिवपुरीच्या आसपासच्या सगळ्या लग्नांतले वाढपी. त्यांच्या पंगतीतून माणूस सरळ चालत गेला असं अजून झालेलं नाही. पानावर आडवा हात धरा, बोटांच्या फटीतून भात सोडतील. "खा रं, लाजतोस काय!" एका नवरदेवाच्या काकाला अशा जिलब्या भरवल्या की बिचारा वरात सोडून ओट्यावर आडवा झाला. दादा खूश. पाहुणा पोट धरून उठला म्हणजे घराचं नाव राहिलं, असा त्यांचा हिशेब.

माणसं निदान पळून तरी जातात. गाय कुठं जाणार? ती खुंट्याला बांधलेली.

चंद्री दादांच्या बायकोची, म्हणजे माझ्या जाऊबाई भागूबाईंची गाय. आई मेलेलं वासरू, बाईनं बाटलीनं पाजून वाढवलं. यंदा चंद्री व्याली, दूध बरं देऊ लागली, नि दादांच्या अंगात आलं.

"माझ्या दारात जनावर नुसता पेंढा खातंय? लोक काय म्हनतील!"

पेंढा गेला बाजूला, गव्हाणीत मका नि तांदळाची कणी आली. दूध थोडं वाढलं. दादांनी मका दुप्पट केला, दूध तेवढंच. आणखी वाढवला, तर दूध घटलं, आणि शेणात मक्याचे दाणे, अख्खेच्या अख्खे! आमच्या कोंबड्या सकाळी गाईच्या मागं रांग लावून उभ्या. मेल्या अशा माजल्या की त्यांना उडून आढ्यावर बसवेना.

मी पदर सावरून म्हटलंच, "दादा, तुमी गाय पोसताय का कोंबड्या?"

"तिला अजून कमी पडतंय," दादा म्हणाले. डोंबल कमी पडतंय!

मग शेलूला नव्या बिल्डिंगीत कुणाची तरी वास्तुशांत झाली. वाढायला दादाच. उरलेला भात नि जिलब्या टबात भरून टेंपोतून घरी आणल्या. भागूबाई लेकीकडं भिसेगावला गेलेल्या, अडवायला कोणी नाही. दादांनी अख्खा टब गव्हाणीत रिकामा केला आणि पाठीवर हात फिरवत तिला खाऊ घातलं.

सकाळी चंद्री उठेना. पोट तट्ट, रवंथ बंद, शेण पातळ नि आंबूस. दात करकरा खात होती. भागूबाई आल्या, पिशवी दारातच टाकली नि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना, हर्षलाताईंना बोलावलं.

"किती घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कमी काय बी नाय केलं," दादा म्हणाले. तेव्हासुद्धा!

"अहो, पोटाला काम करायला वेळ लागतो. मागून रेटा आला की आधीचं न पचताच पुढं जातं. आणि एवढा भात एकदम पडला की आत आंबतो, त्या आंबटानं जनावर मरतं." त्यांनी सलाईन लावली, सोड्याचं पाणी पाजलं. "उद्यापर्यंत तगली तर वाचेल. समोर पेंढा ठेवा. दाणा एक नाही."

दिवसभर भागूबाई चंद्रीपासून हलल्या नाहीत. दादा गोठ्याच्या दारात उभे. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाले, "भागू, माया केली गं मी तिच्यावर."

"केलीत," त्यांनी मान वर केली नाही. "पन ती पचली नाय तिला. कुनालाच पचत नाय. तुमी कदी इचारलंय का कुनाला, भूक किती हाय?"

मी उठून चंद्रीपुढं पेंढा सारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्री लटपटत उठली, पेंढ्याच्या दोन काड्या ओढल्या, आणि बऱ्याच वेळानं तिचा जबडा हलायला लागला. रवंथ! भागूबाई मोठ्यानं रडल्या. दादाही खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून रडले. कालपासून बाईच्या पोटात अन्न नव्हतं. दादा घरात गेले, ताट नि भाकऱ्यांची टोपली घेऊन आले. हात सवयीनं दोन भाकऱ्यांकडं गेला आणि तिथंच थांबला.

"किती वाढू गं?"

भागूबाईंच्या लग्नाला अख्खा जन्म लोटला, पण हे बाईला पहिल्यांदा कुणी विचारत होतं.

"अर्धी," त्या म्हणाल्या.

दादांनी भाकरी मोडली नि अर्धीच वाढली.